फिजिओकडे पहिल्यांदा जाताय? जाणकारांकडून कामाच्या गोष्टी

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत ‘फिजिओथेरपी’ एवढंच लिहिलेलं असतं. सोबत काय न्यायचं, किती दिवस जायचं, मशीन कशासाठी लावतात, दुखलं तर थांबायचं का, हे कळेपर्यंत निम्मी सिटिंग्ज उलटून जातात. म्हणून या क्षेत्रात रोज काम करणाऱ्यांना आणि घरच्या रुग्णाची फिजिओथेरपी शेवटपर्यंत नेलेल्यांना इथे लिहायचं आमंत्रण आहे. ‘व्यायाम नियमित करा’ इतकं ढोबळ नको. किती, कसा, कुठे चुकतं आणि का, ते लिहा.

हाडं-सांध्यांची फिजिओथेरपिस्ट, पुणे

पहिल्या भेटीसाठी पाऊण ते एक तास मोकळा ठेवून या. त्यातला बराचसा वेळ प्रश्न आणि तपासणीत जातो आणि तो जायलाच हवा. दुखणं सकाळी उठल्यावर जास्त की संध्याकाळी, बसून वाढतं की चालून, कूस बदलताना जाग येते का, कळ पायात कुठपर्यंत उतरते, हे आधी दोन दिवस लक्ष ठेवून लिहून आणलंत तर निदान लवकर होतं. ‘सगळंच दुखतं’ या उत्तराचा आम्हाला काही उपयोग होत नाही. ‘मांडी घालून दहा मिनिटं बसलं की उजव्या खुब्यात कळ येते’ याचा खूप होतो.

तपासणीत कोनमापक लावून सांधा किती अंश वाकतो ते मोजतात, स्नायूंच्या ताकदीला शून्य ते पाच अशी श्रेणी देतात. हे आकडे तुम्हीही लिहून घ्या. पाच-सहा सिटिंग्जनंतर तेच माप पुन्हा घ्यायला सांगा. मशीन लावल्यावर तासभर बरं वाटतंच, त्यावरून सुधारणा ठरत नाही. आणि कुणी हातही न लावता थेट पलंगावर झोपवून मशीन जोडलं तर ‘आधी तपासणी करा’ असं स्पष्ट म्हणा. तो तुमचा हक्क आहे.

कपड्यांचं: जो भाग दुखतो तो उघडा करता आला पाहिजे. गुडघ्यासाठी अर्धी चड्डी किंवा मांडीपर्यंत सहज वर जाणारी सैल सलवार. लेगिंग आणि जीन्स नको. खांदा आखडलेला असेल तर पुढून बटणं असलेला सदरा किंवा ब्लाउज, कारण डोक्यावरून काढायचा कुर्ता काढणं हेच तर जमत नसतं. कंबरेसाठी साडीपेक्षा पंजाबी ड्रेस बरा.

काही लक्षणं असली तर फिजिओकडे येण्याआधी डॉक्टर गाठा. कंबरदुखीबरोबर लघवी अडकणं किंवा नकळत होणं, बैठकीची जागा बधिर होणं, पायातली ताकद झपाट्याने जाणं, यात त्याच दिवशी हॉस्पिटल. दुखण्याबरोबर ताप, कारण नसताना वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, वयस्कर माणूस पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यांत आधी तपासण्या, मग व्यायाम.

क्लिनिकचं काउंटर सांभाळणारी, ठाणे

लोक एक्स-रेचा नुसता रिपोर्ट आणतात, फिल्म घरी ठेवतात. दोन्ही आणा. ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड हवंच. त्यात कोणता रॉड किंवा स्क्रू घातला आणि पायावर किती वजन द्यायचं ते लिहिलेलं असतं. ‘वजन देऊ नये’ लिहिलेल्या पायावर आम्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय उभं करत नाही, आणि कागद नसेल तर तो दिवस फुकट जातो. चालू गोळ्यांची यादी आणा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आधी सांगा, कारण ड्राय नीडलिंग (स्नायूत बारीक सुई टोचणं) किंवा कपिंगमध्ये (कातडी ओढून घेणाऱ्या वाट्या लावणं) त्याने काळेनिळे डाग पडतात, रक्त साकळतं. पेसमेकर, गरोदरपण, अपस्मार हे कुणी विचारायची वाट पाहू नका.

पैशांचं. दहा सिटिंग्जचं पॅकेज पहिल्याच दिवशी घेऊ नका. दोन-तीन सिटिंग्ज दर वेळचे वेगळे पैसे देऊन करा, मग ठरवा. पॅकेज घेतलंत तर मध्येच थांबावं लागल्यास उरलेले पैसे परत मिळतात का आणि ते किती महिन्यांत वापरायचं, हे पावतीवर लिहून घ्या. मेडिक्लेममध्ये नुसती बाहेरून केलेली फिजिओथेरपी सहसा बसत नाही, पण अॅडमिट होऊन ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांतला खर्च (बऱ्याच पॉलिसींत 60 किंवा 90 दिवस) मिळू शकतो. त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी, तारीखवार पावत्या आणि त्यावर फिजिओथेरपिस्टचा शिक्का व नोंदणी क्रमांक लागतो. महाराष्ट्रात ही नोंदणी ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपीच्या राज्य परिषदेकडे होते. भिंतीवर प्रमाणपत्र नसेल तर नंबर विचारायला संकोचू नका. सहा महिन्यांचा मसाजचा कोर्स आणि साडेचार-पाच वर्षांची पदवी यांत फार अंतर आहे.

पैसे कमी असतील तर फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत जा. विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली उपचार करतात, फी नाममात्र असते आणि तपासणी बहुधा खाजगी क्लिनिकपेक्षा सविस्तर होते. वेळ मात्र जास्त लागतो.

वीस वर्षं इलेक्ट्रोथेरपी शिकवणारा, नाशिक

मशीनबद्दल दोन टोकाचे समज आहेत: मशीनशिवाय फिजिओथेरपी नाही, किंवा मशीन म्हणजे निव्वळ लूट. दोन्ही चूक. मशीन दुखणं थोडा वेळ कमी करतं, त्या वेळात व्यायाम करून घ्यायचा असतो. मशीन लावून घरी पाठवलं आणि व्यायाम दिलाच नाही, तर उपचार अर्धाच झाला.

करंट म्हणजे टेन्स किंवा आयएफटी, त्वचेवरून सौम्य वीज देणारी मशीनं. पॅड किंवा रबरी वाट्या लावून 15 ते 20 मिनिटं. मुंग्या आल्यासारखं, जोरदार पण सुसह्य वाटायला हवं. टोचलं, एकाच ठिकाणी जळल्यासारखं झालं, तर लगेच सांगा. बहुधा पॅडखालचा स्पंज सुकलेला असतो किंवा पॅडची कड उचललेली असते. सहन करून पडून राहणाऱ्यांच्याच कातडीला फोड येतात. वाट्यांचे लाल गोल वळ काही तासांत जातात.

अल्ट्रासाऊंडमध्ये (हा ध्वनिलहरींचा उपचार, सोनोग्राफी नव्हे) जेल लावून मशीनचं डोकं, म्हणजे कातडीला टेकवायचा भाग, सतत फिरवत ठेवावं लागतं, पाच ते आठ मिनिटं. ते एका जागी धरून ठेवलं तर हाडापाशी खोल दुखतं, तेव्हा बोला. रुग्णाच्याच हातात डोकं देऊन थेरपिस्ट दुसरीकडे जाणं मला अजिबात मान्य नाही.

एसडब्ल्यूडी (शॉर्टवेव्ह डायथर्मी), म्हणजे ज्याला लोक ‘खोल शेक’ म्हणतात, त्यात धातू चालत नाही. शरीरातला रॉड, प्लेट, कृत्रिम सांधा, पेसमेकर असला तर नाहीच. मंगळसूत्र, बांगड्या, कंबरपट्टा, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवा. घामाने ओले कपडेही चालत नाहीत, पाण्याच्या थेंबापाशी उष्णता एकवटून भाजतं. गरोदर बाईने त्या मशीनच्या जवळही बसू नये.

साध्या गरम पॅकचंही तेच. टाकीतलं पाणी सत्तर अंशांच्या पुढे असतं, म्हणून मध्ये टॉवेलचे सहा ते आठ पदर लागतात. मधुमेह जुना असेल तर पायाला चटका कळतच नाही. गरम आणि गार पाण्याच्या परीक्षानळ्या लावून संवेदना तपासल्याशिवाय शेक घेऊ नका. ‘मला गरम वाटत नाही, अजून वाढवा’ म्हणणारा मधुमेही रुग्ण पाहिला की आम्ही तापमान वाढवत नाही, शेक बंद करतो.

गुडघे बदललेल्या आईवडिलांची काळजी घेणारी, कोल्हापूर

सगळ्यांचं लक्ष गुडघा किती वाकतो याकडे असतं. माझ्या मते त्याआधी तो पूर्ण सरळ होणं महत्त्वाचं. पाच-दहा अंशांचा वाक राहून गेला तर चालताना लंगडणं राहतं आणि मांडीचा स्नायू लवकर थकतो. म्हणून झोपताना गुडघ्याखाली उशी नको, कितीही आराम वाटला तरी. उशी नाहीतर टॉवेलची गुंडाळी टाचेखाली ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा. सुरुवातीला पाच मिनिटं, मग दहा, दिवसातून तीन-चार वेळा. जोडीला गुडघा गादीवर दाबून मांडी आवळायची, पाच सेकंद धरून सोडायची, दहा वेळा. घोटे वरखाली करणं तर जागेपणी दर तासाला, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून.

वाकण्याचा अंदाज असा: दोन आठवड्यांच्या आसपास 90 अंश, सहा आठवड्यांपर्यंत 110 ते 120. माणसागणिक फरक पडतो, पण सहा आठवडे होऊनही नव्वदच्या खाली असेल तर सर्जनना दाखवायला उशीर करू नका. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी घेतली की व्यायाम जमतो. नंतर घेतली तर रुग्ण व्यायामालाच घाबरतो. व्यायामानंतर ओल्या फडक्यात गुंडाळून बर्फ, 15 मिनिटं.

एकच पोटरी सुजली, गरम लागली, दाबल्यावर दुखली तर चोळू नका. तेल-मालिश तर नाहीच. त्याच दिवशी डॉक्टर.

आखडलेल्या खांद्यांबद्दल, फिजिओथेरपिस्ट, पणजी

फ्रोझन शोल्डर मधुमेहींत जास्त होतो, तेव्हा साखर तपासली नसेल तर तपासा. आधी दुखण्याचा टप्पा, मग आखडण्याचा, मग हळूहळू सुटण्याचा. सगळं मिळून एक ते तीन वर्षंही लागतात. पहिल्या टप्प्यात जोर लावून हात वर ओढला तर दुखणं भडकतं. तेव्हा पुढे वाकून हात लोंबता सोडून झुलवणं, तेही वेदनेच्या आत. काठी आणि कप्पीचे ताण पुढच्या टप्प्यात. ‘पंधरा दिवसांत मोकळा करून देतो’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

मधुमेहींनी उपाशीपोटी येऊ नये, आणि पिशवीत साखर किंवा ग्लुकोज ठेवावं.

मेंदूविकारांच्या पुनर्वसनात काम करणारी, मुंबई

वरच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून: पक्षाघाताच्या रुग्णाचा बीपी व्यायामाआधी मोजलाच पाहिजे. घरी मशीन असेल तर आठवड्याची नोंद आणा.

नातेवाइकांकडून होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे उठवताना लुळ्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढणं. त्या खांद्याभोवतीचे स्नायू ढिले असतात, सांधा खाली निसटतो आणि पुढे कित्येक महिने खांदाच दुखतो. उठवताना आधार कंबरेला, पाठीमागून. बसल्यावर हात मांडीवरून खाली लोंबू देऊ नका, उशीवर ठेवा. बोटं आवळली जात असतील तर चेंडू दाबायला देऊ नका. मूठ मिटण्याची ताकद आधीच जास्त असते, सराव उघडण्याचा हवा.

पहिले तीन महिने सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो. एका वेळी तासभर दमवण्यापेक्षा वीस-वीस मिनिटं, दिवसातून तीनदा. रोज जो माणूस घरी असणार आहे त्यालाच क्लिनिकमध्ये सोबत आणा, आणि व्यायामाचा व्हिडिओ स्वतःच्या मोबाइलवर काढून घ्या. इंटरनेटवरचा दुसऱ्या कुणाचा नको.

छातीच्या विकारांची फिजिओथेरपिस्ट, नागपूर

बायपासनंतर तीन चेंडूंचं यंत्र देतात. निम्मे लोक त्यात फुंकर मारतात. ते ओढायचं असतं. ताठ बसून, ओठ नळीभोवती घट्ट, सावकाश श्वास आत ओढून चेंडू दोन-तीन सेकंद वर धरायचा. तिन्ही चेंडू झटक्यात उडवण्यापेक्षा एकच चेंडू जास्त वेळ वर राहिलेला चांगला, त्याने फुप्फुसाचा खालचा भाग उघडतो. जागेपणी दर तासाला दहा. चक्कर आली तर मध्ये थांबा. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे सहा ते आठ आठवडे, हातांवर जोर देऊन उठू नका आणि पाण्याची भरलेली बादली उचलू नका.

बाळंतपणानंतरच्या तक्रारींवर काम करणारी, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर)

खोकताना-शिंकताना लघवी निसटणं हे ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ म्हणून सोडून देऊ नका, बहुतेक वेळा व्यायामाने खूप फरक पडतो. अपॉइंटमेंट घेतानाच बाई थेरपिस्ट हवी असं सांगा. आतून तपासणी लागू शकते. ती हातमोजे घालून, तुमची परवानगी घेऊन, हवं तर सोबतीला माणूस ठेवून होते, आणि नाही म्हटलंत तरी उपचार करता येतात. व्यायामात पोट किंवा कुल्हे आवळायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही; लघवीची जागा आत-वर ओढल्यासारखी करून पाच सेकंद धरायची, तेवढाच वेळ सोडायची, दहा वेळा, दिवसातून तीनदा. लघवी करताना मध्येच थांबवून रोज सराव करू नका, मूत्राशय पूर्ण रिकामं न होण्याची सवय लागते.

लंडनहून

इथल्या मराठी लोकांची हमखास तक्रार की ‘मशीन लावतच नाहीत, कागदावर व्यायाम देऊन सहा आठवड्यांनी बोलावतात’. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, पद्धत तशीच आहे, व्यायामावर भर असतो. बऱ्याच भागांत जीपीच्या (फॅमिली डॉक्टरच्या) चिठ्ठीशिवाय थेट फिजिओसाठी नाव नोंदवता येतं, मात्र रांग मोठी. खाजगीत जाणार असाल तर एचसीपीसीच्या (फिजिओंची नोंदणी ठेवणारी इथली संस्था) यादीत नाव पाहून घ्या.

घरी जाऊन व्यायाम घेणारा, सोलापूर

घरी बोलावणार असाल तर लोंबकळणारी खाट नको, कडक गादीचा पलंग आणि हात असलेली खुर्ची तयार ठेवा. व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी स्नायू आंबल्यासारखे दुखले तर चालतं. वाढलेलं दुखणं 24 तासांत पूर्वपदावर आलं नाही, किंवा सांधा सुजला, तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करायची. व्यायाम सोडायचा नाही.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. उंची अशी की हात सरळ खाली सोडला तर काठीची मूठ मनगटाच्या घडीशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा पाय. टोकाचं रबरी बूच झिजून गुळगुळीत झालं की काठी ओल्या फरशीवर सरकते. ते सुटं मिळतं, काठी सोबत नेऊन मापाचं बसवून घ्या.