मदत हवी आहे: पांधण रस्त्याची (वावरात जायच्या जुन्या सरकारी वाटेची) रुंदी कोण लिहून देते?

नमस्कार मंडळी, आमचं दोन एकर वावर गावठाणाला लागून आहे, त्यात लेआउट टाकायचा आहे, म्हणजे घरांसाठी प्लॉट पाडायचे आहेत. जमीन वर्ग १ (पूर्ण मालकीची), सातबारा वडिलांच्या नावानं, बँकेचा बोजा नाही, कोर्टात काही नाही. गावठाणापासून २०० मीटरच्या आत येते म्हणून अकृषकचं (बिगरशेती वापराचं) पाहून घेतलं, तिथं अडचण नाही. नकाशा आर्किटेक्टकडून काढला, १० टक्के ओपन स्पेस सोडली, आतले रस्ते ९ मीटरचे.

आता गाडी अडली ती पोचरस्त्यावर. वावरापर्यंत जुना पांधण रस्ता जाते, गावनकाशात दिसते, पण रुंदी कुठंच लिहिलेली नाही आणि नगररचनावाले म्हणते रुंदीचा कागद आणा. तलाठी म्हणते भूमी अभिलेखला (मोजणी ऑफिसात) जा, तिथं म्हणते आम्ही तुमच्या गटाची मोजणी करून देऊ, रस्त्याची नाही. ग्रामपंचायतीचा ठराव जोडला, तो चालत नाही म्हणे. एका बाजूचे शेजारी रस्त्यासाठी जागा सोडायला तयार आहेत, दुसऱ्या बाजूचे पुण्यात राह्यते, फोन उचलत नाही.

दलालाकडून करून घ्या असं कृपया सांगू नका, आणि मंजुरीआधी प्लॉटचा इसार घ्यायचा नाही हे घरात पक्कं ठरलं आहे, उद्या घेणाऱ्याचं घर अडकलं तर त्यानं जावं कुठं?

ज्यांचा लेआउट पांधणीवरून मंजूर झाला त्यांनी सांगा, रुंदीचा दाखला तहसीलदाराकडून घेतला का भूमी अभिलेखकडून, आणि एकाच शेजाऱ्याच्या संमतीवर रस्ता रुंद दाखवता येते का?