मदत हवी आहे: स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर पाचवा आठवडा, पोळी अडकते आणि प्रथिनं पुरत नाहीत

कण्हेर

सासूबाईंची दुर्बिणीतून स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी (वजन कमी करण्यासाठी पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया) झाली आहे. वय ५४, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. पूर्ण शाकाहारी, अंडंही चालत नाही. पहिले दोन आठवडे पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं, इथपर्यंत सगळं तक्त्याप्रमाणे पार पडलं. त्यापुढे तक्त्यात नुसतं 'मऊ आहार' एवढंच लिहिलंय आणि तिथेच गाडी अडली आहे.

१. दुधात कुस्करलेली पोळी दोन-तीन घासांतच छातीच्या मध्यभागी अडकते. तोंडाला फेसाळ लाळ सुटते आणि मग उलटी. या चार दिवसांत तीनदा झालं. पाणी मात्र राहतं.
२. रोज ६० ग्रॅम प्रथिनं हवीत असं सांगितलंय. कशीबशी ३० होतात. व्हे पावडर (दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची) दुधातून दिली की पोटात गुडगुड आणि जुलाब.
३. पाणी दिवसाला जेमतेम लिटरभर जातं. लघवी गडद होते.
४. लोह, कॅल्शियम आणि मल्टिव्हिटॅमिन अशा तिन्ही गोळ्या सकाळी चहाबरोबर एकदम घेतात. चालतं का?
५. मेटफॉर्मिनची गोळी मोठी आहे, गिळताना त्रास होतो. कुटून द्यावी का?

तपासणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. तोपर्यंत घरी काय करता येईल?

आहारवही

पोळी आजपासून बंद. दुधातली तर नक्कीच.

स्लीव्हमध्ये पोटाचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी. पाचव्या आठवड्यात तिच्या आतली सूज पूर्ण उतरलेली नसते. गव्हाची पोळी दुधात भिजवली की मऊ होते, पण सुटी होत नाही. चावून गिळेपर्यंत तिचा पुन्हा कणकेसारखा चिकट गोळा होतो आणि तो नळीच्या तोंडाशी बसतो. तो खाली जावा म्हणून शरीर लाळ सोडत राहतं. तुम्हाला दिसतो तो फेस तोच. ताजा पाव, चिकट भात आणि साबुदाणा यांचंही असंच होतं.

अडकलं की बरेच जण वरून पाणी पाजतात. ते करू नका. वाट बंद असताना पाणी वरच साचतं, दुखणं वाढतं आणि उलटी जोरात होते. खाणं तिथेच थांबवायचं, लाळ गिळायची नाही, थुंकायची. ताठ बसायचं किंवा घरातल्या घरात सावकाश फेऱ्या मारायच्या, आडवं व्हायचं नाही. मोकळं वाटल्यावर पुढचे २४ तास फक्त पातळ, मग दोन दिवस मिक्सरमधलं, आणि त्यानंतर पुन्हा मऊ आहार. उलटीनंतर आतून सूज येते. त्याच संध्याकाळी पुन्हा घट्ट खायला दिलं की तेही अडकतं. लागोपाठ तीनदा होण्यामागे हे कारण असू शकतं.

'मऊ' याची घरातली कसोटी सोपी आहे. काट्याच्या पाठीने दाबल्यावर पदार्थ चुरला पाहिजे आणि ओलसर राहिला पाहिजे. या कसोटीला उतरणारं:

- मुगाची डाळ शिजवून रवीने घोटलेली, वरणापेक्षा घट्ट
- दोन भाग डाळ आणि एक भाग तांदूळ अशी आसट खिचडी (नेहमीचं प्रमाण उलटं करायचं)
- सैल पिठलं, हिरवी मिरची न घालता
- चक्का
- घरी लिंबू पिळून फाडलेल्या दुधाचं पनीर, वजन ठेवून घट्ट न केलेलं. बाजारची दाबलेली वडी चावताना रबरासारखी लागते, आणायचीच तर बारीक किसून डाळीत घाला.
- दुधी, लाल भोपळा, साल आणि बिया काढलेलं पडवळ

सध्या नको: शेवग्याच्या शेंगा, मक्याचे दाणे, पालेभाज्यांचे देठ, ओल्या नारळाचा चव, टोमॅटोची साल, संत्र्याच्या फोडींवरचा पापुद्रा. हे धागे पचत नाहीत आणि अरुंद जागेत एकमेकांत गुंततात.

एका वेळी पाव ते अर्धी वाटी, म्हणजे ६० ते १०० मिली. चहाच्या चमच्याने, २० ते ३० मिनिटं लावून. घास तोंडात गेला की चमचा खाली ठेवायचा. छातीत दाब, उचकी किंवा एकदम नाक वाहायला लागणं ही पोट भरल्याची खूण आहे. त्यानंतरचा एक चमचाही जास्त होतो. 'ताटात टाकू नये' हा आपल्याकडचा नियम इथे नडतो, म्हणून वाढतानाच कमी वाढा.

आता प्रथिनं. पावडर बदला आणि दूध सोडा. या शस्त्रक्रियेनंतर अनेकांना दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, सोसत नाही. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्येही ती असते, दोन्ही एकत्र केलं की जुलाब. व्हे आयसोलेटमध्ये लॅक्टोज फारच कमी असतं, ते पाण्यातून द्या. डब्यामागचं लेबल बघा: ३० ग्रॅमच्या मापात २४-२५ ग्रॅम प्रथिनं हवीत आणि वरून साखर घातलेली नको. उकळत्या चहा-कॉफीत घातलं तर फाटून गुठळ्या होतात, पाणी कोमट घ्या.

एका दिवसाचा हिशोब असा बसतो:

सकाळी ७: आयसोलेट एक माप, २०० मिली पाण्यात, तासभर घोट घोट (२४ ग्रॅम)
साडेनऊ: चक्का ७५ ग्रॅम, मीठ-जिरेपूड घालून (सुमारे ६)
साडेबारा: २० ग्रॅम कच्च्या मूगडाळीचं घट्ट वरण, त्यात २५ ग्रॅम पनीर किसून (सुमारे ९)
दुपारी ४: आयसोलेट अर्धं माप, १५० मिली पाण्यात (१२)
संध्याकाळी ७: १५ ग्रॅम बेसनाचं पिठलं आणि ३० ग्रॅम पनीर (८ ते ९)

हे ६० च्या आसपास होतं. वाटीत आधी पनीर-डाळ संपवायची, जागा उरली तर भाजी, त्यानंतर भात. स्वयंपाकघरात वजनकाटा नसेल तर आठवडाभर तरी कोणाकडून आणा. 'एक वाटी डाळ' या मापात निम्मं पाणी असतं आणि हिशोब तिथेच चुकतो.

रात्रपाळी

आहाराचं वर नीट आलंय. मला उलटीबद्दल बोलायचं आहे. 'ऑपरेशननंतर उलट्या व्हायच्याच' असं म्हणून घरचे बसून राहतात आणि त्यात वेळ जातो. वारंवार होणाऱ्या उलटीला कारण असतं आणि ते शोधावं लागतं.

फक्त घट्ट पदार्थ अडकतो आणि पाणी राहतं, तेव्हा बहुतेक वेळा दोष पदार्थाचा किंवा घाईचा असतो. पाणी, ताकही परत यायला लागलं तर नळी कुठेतरी आकसलेली किंवा पिळलेली असू शकते. त्यासाठी एंडोस्कोपी (तोंडावाटे दुर्बीण घालून आतली तपासणी) करतात, गरज पडली तर फुग्याने जागा रुंद करतात. घरगुती उपायांनी ते सुटत नाही.

दुसरी काळजी थायमिनच्या, म्हणजे जीवनसत्त्व बी१च्या कमतरतेची. शरीरातला त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. तुमच्याकडे पाचवा आठवडा आहे, खाणं अपुरं आहे आणि वर उलट्या. त्यामुळे पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. उद्या सकाळीच शस्त्रक्रिया केलेल्या टीमला फोन करून 'चार दिवसांत तीन उलट्या, पाणी एक लिटर, लघवी गडद' असं याच शब्दांत सांगा. चालताना तोल जाणं, एकाची दोन दिसणं, बोलण्यात गोंधळ किंवा पायांना मुंग्या यांपैकी काहीही दिसलं तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठा. सलाईन लावायची वेळ आली तर ड्यूटीवरच्या डॉक्टरांना आधी सांगा की वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झाली आहे. थायमिन न देता ग्लुकोजचं सलाईन चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. नेहमीपेक्षा वेगळ्या दवाखान्यात गेलात तर हे सांगायला विसरू नका.

पाणी: किमान दीड लिटर. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेवा: एक साडेअकराच्या आत, एक साडेचारच्या आत, एक झोपायच्या आधी. जेवताना पाणी नाही, जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास नाही. उरलेल्या वेळात दर पाच मिनिटांनी एक-दोन घोट. व्हेचं पाणी, ताकाची निवळी, वरणाचं गाळलेलं पाणी यातच मोजायचं. सोडा आणि स्ट्रॉ नको, दोन्हींनी हवा भरते.

गोळ्या चहाबरोबर अजिबात नकोत. चहा लोह शोषू देत नाही आणि कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर हवं. लोह सकाळी लिंबूपाण्याबरोबर आणि चहा त्यानंतर तासा-दीड तासाने. कॅल्शियम दिवसाला एकूण १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५००-६०० च्या वर नीट शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून. पाकिटावर 'सायट्रेट' लिहिलेलं आहे ना ते बघा. कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं आणि ते आता कमी झालेलं असतं. बी१२ आणि डी३ लिहून दिलेत का तेही विचारा.

मेटफॉर्मिनच्या पाकिटावर एसआर, एक्सआर किंवा ईआर असं काही असेल तर कुटू नका. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम सुटतं. साधी लहान गोळी किंवा पातळ औषध डॉक्टर लिहून देतील.

साखर आणि रक्तदाब घरी मोजता का? खाणं इतकं कमी झाल्यावर जुने डोस जास्त होतात. ग्लिमेपिराइड किंवा इन्शुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी असेल तर फोनवर मुद्दाम सांगा. खाणं-पाणी कमी असताना त्या गोळीने साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकतं. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारा घटक असेल आणि उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा.

गुडघे दुखले तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन देऊ नका, त्यांनी अल्सर होतो. पॅरासिटामॉल चालते.

बसल्या जागी नाडी १२० च्या वर, ताप, पोटात किंवा डाव्या खांद्यात वाढतं दुखणं, धाप, एकाच पोटरीला सूज, काळी शी: यातलं काहीही असेल तर त्याच तासाला दवाखाना.

कण्हेर

दोघांचेही मनापासून आभार. फोन केला, उद्या सकाळी बोलावलंय. गोळी एसआरच निघाली, बरं झालं विचारलं. रक्तदाबाच्या गोळीतही लघवीचा घटक आहे.

अजून दोन गोष्टी. त्यांना भूक लागतच नाही, त्यामुळे 'भूक नाही तर कशाला खाऊ' म्हणतात. पण संध्याकाळी चहात बुडवलेली बिस्किटं चार-पाच सहज जातात. आणि गणपती आलेत, घरात मोदक होणार. केस गळतील का, हाही त्यांचा रोजचा प्रश्न.

आहारवही

भूक न लागणं अपेक्षितच आहे. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः पोटाच्या ज्या वरच्या भागात तयार होतं, तोच काढलेला असतो. म्हणून सध्या घड्याळ बघून खायचं, मोबाइलवर पाच गजर लावून द्या. ही भूक पुढे काही प्रमाणात परत येते. तोपर्यंत प्रथिनं आधी खायची सवय लागलेली असली की बरं.

बिस्किट जातं कारण ते चहात विरघळतं आणि नळीतून सरळ खाली उतरतं. पोट भरल्याची खूणच होत नाही. शेव, चिवडा, आइस्क्रीम यांचंही तेच. आज चार बिस्किटांनी पनीरची जागा घेतली, वर्षभराने याच वाटेने वजन परत चढतं. चहा सोडायला लावू नका, फक्त चहाच्या वेळेला बिस्किटाचा डबा बाहेर काढू नका.

मोदक यंदा नको. उकड चिकट, सारणात नारळाचा चव आणि गूळ. अडकेल, आणि नाही अडकला तर गुळामुळे अर्ध्या तासात घाम, धडधड, पोटात मुरडा येऊ शकतो. पोटाच्या बायपास शस्त्रक्रियेनंतर हे जास्त दिसतं, स्लीव्हनंतरही होतं. प्रसाद म्हणून पंचामृताचा चहाचा एक चमचा पुरे. हरितालिका, ऋषिपंचमीचा उपवास करत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. या टप्प्यावर दिवसभर उपाशी राहणं किंवा साबुदाणा खाणं, दोन्ही घातक.

केस साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. मुळं शाबूत असतात, पुढे परत येतात. प्रथिनं, लोह आणि झिंक पुरेसं असेल तर गळणं आटोक्यात राहतं. बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका, त्यांनी थायरॉइडसारख्या रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात.

पोळी आठव्या आठवड्यानंतर, डॉक्टर हो म्हणाले तर. तेव्हाही भिजवून नाही. पातळ फुलका तव्यावर कडक होईपर्यंत शेकायचा, त्याचा पाव तुकडा आणि बरोबर घट्ट वरण. मऊ पोळीपेक्षा कडक शेकलेला फुलका सुटा चावला जातो. नवीन पदार्थ दिवसाला एकच, तोही दुपारी. रात्री अडकलं तर आडवं होता येत नाही आणि मदतही लवकर मिळत नाही.

रात्रपाळी

उद्या जाताना डिस्चार्ज कार्ड, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं (नुसती यादी नको, एसआर वगैरे पाकिटावरच कळतं), पावडरच्या लेबलचा फोटो आणि गेल्या तीन दिवसांत काय, किती, किती वाजता खाल्लं आणि उलटी कधी झाली याचा कागद न्या. साखर-रक्तदाबाचे आकडेही त्यावरच लिहा. थायमिन द्यायचं का आणि कसं, इंजेक्शन की गोळी, हे तिथेच स्पष्ट विचारा. तीन महिन्यांच्या रक्ततपासणीत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२ आणि डी जीवनसत्त्व आहे का तेही आत्ताच लिहून घ्या.

आज रात्री फक्त पातळ.