रबरी पॅडने अर्धंच काम होतं

काजू कारखान्यातला ब्लोअर (हवा फेकणारा मोठा पंखा) फार हादरतो, काय करावं, या प्रश्नावर त्याखाली जाड रबरी पॅड घाला, असा सल्ला कुणीतरी दिलाय. पॅडने जमिनीत जाणारे हादरे कमी होतील, पण रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, नाचायचा तो नाचणारच. आधी इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, उघडा. आपल्या वेंगुर्ला-मालवणच्या खाऱ्या हवेत पात्यांवर गंजाचे पापुद्रे धरतात, तेही सगळीकडे सारखे नाही, म्हणून चाकाचं वजन एका बाजूला झुकतं. असंतुलनाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. मिनिटाला १५०० फेऱ्यांवरून ३००० वर गेलात की थेट चौपट! पाती साफ करून बॅलन्सिंग करा, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडून सारखं करा, मग डॅम्पिंगचं, म्हणजे कंप जिरवण्याचं, बोलू. ते खरं कामाला येतं क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला रोटरचा कंप एकदम वाढतो तो वेग, ओलांडताना. जेट इंजिनात बेअरिंगच्या बाहेरच्या रेसभोवती (कड्याभोवती) तेलाचा पातळ थर ठेवतात, तो दाबला जाताना कंप जिरवतो. तुमच्या ब्लोअरला एवढा थाट कशाला? फाउंडेशनचे बोल्ट तेवढे आवळून बघा.