गजकर्ण, मलम आणि काचपट्टी

त्वचारोग डोळ्यांना दिसतोच, मग तपासणी कशाला, असे चर्चेत एकाने विचारले आहे; माझ्या आईचा अनुभव हेच त्यावर माझे उत्तर. गेल्या पावसाळ्यात फोंड्याजवळच्या आमच्या घरी कपडे चार-चार दिवस वाळत नव्हते, तेव्हा तिच्या कमरेवर, परकराची नाडी बसते तिथे, खाज सुटली आणि दुकानातून आणलेल्या मलमाने ती दोन दिवसांत थांबलीही. त्या मलमात स्टेरॉइड होते. स्टेरॉइडमुळे लाली आणि खाज दबते, पण बुरशीला रोखणारी त्वचेची प्रतिकारशक्तीही दबते, त्यामुळे गजकर्णाची, म्हणजे त्वचेवरच्या बुरशीच्या संसर्गाची, ओळखीची गोल, उंचावलेली कड पुसट होऊन तो पसरत राहतो आणि अनुभवी डोळाही फसू शकतो. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी चट्ट्याच्या कडेचा कोंडा पात्याने काचपट्टीवर खरवडून घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकातून बुरशीचे फांद्या फुटलेले तंतू आम्हालाही दाखवले. दोन महिन्यांचा घोळ तिथे मिटला. अशी मलमे चिठ्ठीशिवाय सहज हाती पडतात, याचा मला मनापासून राग येतो.

याच चर्चेत अंगावरच्या फिकट चट्ट्याबद्दल ज्यांनी विचारले आहे, त्यांनी डोळे मिटून त्यावर कापसाचा बोळा फिरवून घ्यावा. स्पर्श कळत नसेल तर मलम न लावता बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दाखवावे, कारण बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते आणि त्यावरील औषधे सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.