पावसाळ्यातही कुरकुरीत राहणारे वॉफल

प्रश्न (दादर) : रविवारच्या न्याहारीसाठी मी वॉफल करते. साच्यातून काढताना ते कुरकुरीत असतात, परंतु ताटात ठेवल्यावर पाच मिनिटांत मऊ पडतात आणि आतून गच्च लागतात. १ वाटी मैदा, १ अंडे, पाऊण वाटी दूध, १ चमचा लोणी आणि बेकिंग पावडर असे माझे प्रमाण आहे. काय बदलावे?

उत्तर (मुलुंड) : लोणी फार कमी आहे, वितळवलेले ३ मोठे चमचे तरी हवे. मैद्यातील २ मोठे चमचे काढून तेवढेच कॉर्नफ्लोअर घालावे, कारण त्यात ग्लुटेन (मैद्याला चिवटपणा देणारे प्रथिन) नसल्यामुळे कवच चिवट होत नाही. अंड्याचा पांढरा भाग वेगळा फेटून, फेस उभा राहिला की शेवटी हलक्या हाताने मिसळावा. हलकेपणा त्यातूनच येतो. पीठ घोटू नये, थोड्या गुठळ्या राहिल्या तरी चालतात.

उत्तर (गिरगाव) : माझ्या मते मुख्य दोष ताटाचा आहे. गरम वॉफलमधून निघणारी वाफ ताटाला अडून तिचे पाणी होते आणि ते कवचात मुरते; जुलैच्या दमट हवेत तर हे फारच जाणवते. जाळीवर ठेवावेत, एकावर एक रचू नयेत. सर्वांनी एकत्र बसायचे असल्यास ९५ अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये जाळीवरच ठेवावेत. साच्यातून वाफ येणे जवळजवळ थांबेपर्यंत झाकण उघडू नये.

उत्तर (बोरिवली) : अंडे चालत नसल्यास दुधाऐवजी आंबट ताक आणि पाव लहान चमचा खाण्याचा सोडा घ्यावा, मात्र मिश्रण लगेच भाजावे, अन्यथा वायू निघून जातो.