अनुभव धागा : नेपाळच्या रानात पायी फिरताना

रानभूल
यंदा कूलर काढायला उशीरच झाला. काल सज्ज्यावरून तो उतरवताना मागची कापडी पिशवी खाली पडली आणि तिच्यातून माझे 2013 सालचे चढाईचे बूट निघाले. तळव्याच्या खाचांमध्ये वाळलेली करडी माती अजून तशीच होती. बाहेर आपल्या नागपूरचे भाजून काढणारे ऊन आणि हातात एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागाची माती, अशा अवस्थेत मी बराच वेळ जिन्यावर बसून राहिलो.

सगरमाथा राष्ट्रीय उद्यान 1976 साली स्थापन झाले. तिथे जाणारे बहुतेक जण एव्हरेस्टच्या ओढीने जातात, त्यामुळे सगळ्यांच्या माना वर असतात. मीही तसाच गेलो होतो. नामचे बाजार 3440 मीटरवर आहे. उंचीची सवय व्हावी म्हणून तिथे एक दिवस जास्तीचा मुक्काम करतात. त्या सकाळी आम्ही गावावरच्या उतारावर चढत असताना पुढे चालणाऱ्या शेर्पा वाटाड्याने हात खाली करून बसायची खूण केली. वीसेक पावलांवर डांफे होता, नर. यालाच आपण मोनाल म्हणतो आणि हा नेपाळचा राष्ट्रीय पक्षी आहे. डोक्यावर तुरा, मान तापलेल्या तांब्यासारखी, पाठीवर निळा, हिरवा, जांभळा असे रंग, आणि ते रंगही तो वळेल तसे बदलत होते. कोंबडी पायाने माती उकरते, हा मात्र चोचीचेच फावडे करून कंद काढत होता. प्रत्येक घावाला मातीचे ढेकूळ बाजूला उडायचे आणि उतारावरून घरंगळत आमच्याकडे यायचे. अर्धा तास आम्ही बसून होतो. त्या वेळात मागे ढग फाटून कोणते शिखर दिसले, हे मला आजही सांगता येणार नाही.

पेंच आणि ताडोबा मी पुष्कळ वेळा केले आहे. तिथे जिप्सीतून उतरता येत नाही आणि ते योग्यच आहे. पण आपल्या पायांनी चालत जाऊन, दम लागून थांबल्यावर जे प्राणी-पक्षी दिसतात, त्यांची ओळख वेगळी होते, असे मला मनापासून वाटते. नेपाळच्या उद्यानांमधून चाललेल्या सगळ्यांनी आपापले अनुभव इथे जरूर लिहावेत.

कोरांटी
आम्ही 2018 च्या नोव्हेंबरमध्ये लांगटांगला गेलो होतो. स्याब्रुबेसीहून निघाल्यावर पहिले दीड-दोन दिवस नदीकाठच्या दाट जंगलातून वाट जाते आणि खाली सगळी निगाल्याची, म्हणजे बारीक बांबूची जाळी असते. तिथे लाल पांडा राहतो. नेपाळीत त्याला हाब्रे म्हणतात. तो आम्हाला दिसला नाही. वाटाड्याने एका शेवाळलेल्या आडव्या फांदीवर त्याची लेंडके दाखवली, हिरवट, टोकांना निमुळती आणि बांबूच्या पानांच्या चोथ्याने भरलेली. तेवढ्या खुणेने आम्ही चौघेजण इतके हरखलो की तासभर त्या झाडाखालून हललो नाही.

त्याच वाटेवर पुढे जुने लांगटांग गाव होते. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपात वरून बर्फ आणि दगडांचा कडा कोसळला आणि जवळजवळ सगळे गाव त्याखाली गेले. आज वाट त्या दगडांच्या ढिगावरून जाते. तिथे कोणी बोलत नव्हते. दगडांच्या फटींमधून एक छोटा पक्षी आत-बाहेर करत होता, त्याचे नाव विचारण्याचेही मला भान राहिले नाही. पलीकडे नवे गाव वसले आहे. तिथल्या एका आजीने दिलेल्या बटाट्याच्या पोळीची चव मात्र आजही जिभेवर आहे.

धरमपेठची काकू
माझा अनुभव थोडा कडू आहे, पण नव्याने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावा म्हणून लिहिते. ज्या यात्रा कंपनीबरोबर आम्ही सगरमाथ्याला गेलो, तिने दिवस वाचवण्यासाठी नामचेचा जास्तीचा मुक्काम गाळला. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे आणि पायी वाट जिथून सुरू होते त्या लुक्लाचे विमान आपल्याला एकदम सुमारे 2850 मीटरवर उतरवते, याचा विचार आम्हीही केला नाही. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात पाचशे मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा साधा नियम आहे. तो मोडल्यामुळे दिंगबोचेला ह्यांचे डोके असह्य दुखू लागले, रात्री उलट्या झाल्या आणि सकाळी सरळ रेषेत चालता येईना. हमालांपैकी एक वयस्क दाजू, म्हणजे थोरले भाऊ, होते, त्यांनी कोणाचेही न ऐकता आम्हाला लगेच खाली उतरवले. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

पांगबोचेला पोहोचेपर्यंत ह्यांचा चेहरा बराच निवळला होता. दुसऱ्या दिवशी हळूहळू चालताना वाटेच्या खालच्या कड्यावर झारलांचा, म्हणजे हिमालयी थारांचा कळप चरताना दिसला. मोठ्या नराची आयाळ गुडघ्यांपर्यंत लोंबत होती आणि वारा आला की वाळलेल्या गवतासारखी एका बाजूला झुकत होती. पुढे जायची घाई संपली होती, म्हणून आम्ही निवांत बसून पाहिले.

रानभूल
काकू, काका सुखरूप परतले हे वाचून जीव भांड्यात पडला. त्या अवस्थेत औषध घेऊन वर रेटत राहणारेही असतात. खाली उतरणे हाच खरा उपाय आहे.

सिल्लारीचा पोट्टा
मी पेंचच्या सिल्लारी गेटवर गाइड म्हणून काम करतो. मागच्या वर्षी पाहुण्यांनी मला सोबत लांगटांगला नेले. दुसऱ्या दिवशी पहाटे निगाल्याच्या जाळीतून कुत्र्याच्या भुंकण्यासारखा आवाज आला आणि माझ्या तोंडून सवयीने निघाले, “भेकराचा कॉल आहे, थांबा.” तिथला वाटाड्या माझ्याकडे बघतच राहिला. तो त्याला रतुवा म्हणत होता, पण जनावर एकच. पेंचमध्ये असा कॉल ऐकला की आम्ही जिप्सी बंद करून वाघाची किंवा बिबट्याची वाट पाहतो. तिथेही आम्ही दोघे तसेच उभे राहिलो, एकमेकांची भाषा धड येत नसताना, एकाच दिशेला कान लावून. बिबट्या दिसला नाही. ओल्या मातीत त्याचा ठसा मात्र मिळाला, कडा अजून ढासळलेल्या नव्हत्या. माझ्या कामात मला एवढा मान कधी वाटला नव्हता.

वाळा
चितवन डोंगरात नाही, तराईत आहे, हे मान्य करून लिहितो. 1973 साली झालेले हे नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे वाटाड्यांसोबत गेंड्यांच्या जंगलात पायी जाता येते. 2021 च्या गणनेत नेपाळमध्ये 752 गेंडे मोजले गेले, त्यांतले 694 चितवनमध्ये होते. शिरण्यापूर्वी वाटाड्याने बजावले की गेंड्याला दिसते कमी, पण वास आणि आवाज फार लवकर कळतो; तो अंगावर आलाच तर झाडावर चढा, झाड नसेल तर वेडेवाकडे वळत पळा आणि अंगावरचे एखादे कापड मागे टाका. दोघा वाटाड्यांच्या हातात काठीशिवाय काही नव्हते. डोक्याहून उंच गवतात गेंडा आम्हाला आधी ऐकू आला. लोहाराच्या भात्यासारखा श्वास, मग गवत उपटल्याचा करकर आवाज. दिसला तो फक्त कान आणि पाठीचा करडा पत्रा, पण तेवढा वेळ माझ्या छातीचे ठोके मला कानात ऐकू येत होते.

मानेवाड्याहून
सर्वांना नमस्कार. माझे वय 58 आहे, गुडघे थोडे कुरकुरतात. या वयात जमेल का, कोणत्या महिन्यात जावे आणि जुने बूट चालतील का, हे कृपया कोणी सांगावे.

कोरांटी
ताई, नक्की जमेल. आमच्या गटात साठी ओलांडलेले दोघे होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आकाश स्वच्छ असते. फुललेला लाली गुराँस, म्हणजे लाल ऱ्होडोडेंड्रॉन पाहायचा असेल तर मार्च-एप्रिल निवडा. आम्ही तीन महिने दर रविवारी पाठीवर सहा किलोची पिशवी घेऊन रामटेकच्या गडाच्या पायऱ्या चढलो-उतरलो. उतरण्याचा सराव जास्त करा, गुडघ्यांवर खरा भार तेव्हाच येतो. याकांची किंवा जोपक्यांची, म्हणजे याक-गाईच्या संकरित बैलांची रांग समोरून आली की नेहमी डोंगराच्या अंगाला उभ्या राहा, दरीच्या कडेला कधीही नाही.

रानभूल
बुटांबद्दल मी सांगतो. तुमचा प्रश्न वाचून मी माझे बूट पुन्हा हातात घेतले. वरचे चामडे उत्तम आहे, पण तळवा अंगठ्याने दाबताच त्याच्या आतल्या फोमचा भुगा झाला. वापरात नसतानाही तो वर्षांनी असा विरतो आणि नेमका चढावर सुटतो. तेव्हा नवेच घ्या आणि दोन महिने आधी पायात घाला. माझ्या बुटांच्या नाड्या अजून मजबूत आहेत. त्या मी धुऊन गच्चीवर वाळत घातल्या आहेत, ऑक्टोबरमध्ये लागतील.