बरोबरी झाली की गुण वाटायचे, पूर्णांकात नाही
अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत संघांचे गुण मोजणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल आधीच्या उत्तरात म्हटलंय की दोन खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर बरोबरीत असतील तर दोघांनाही दुसऱ्याचे गुण द्यावेत. हे पटत नाही. त्याने सांघिक बेरीज फुगते. बरोबरीतल्यांनी अडवलेल्या सगळ्या जागांचे गुण एकत्र करून समान वाटायचे. १०-८-६-५-४-३-२-१ पद्धतीत (पहिल्याला १०, दुसऱ्याला ८, असे आठव्याला १) दोघे दुसरे आले तर (८+६)÷२, म्हणजे प्रत्येकी ७, आणि पुढचा खेळाडू थेट चौथा. आठव्या जागी दोघे असतील तर प्रत्येकी अर्धा गुण (नवव्या जागेला शून्य). प्रोग्रॅममध्ये गुणांचा रकाना नुसता पूर्णांकी ठेवला की हा अर्धा गुण हमखास गायब होतो.

खरी अडचण तिघांच्या बरोबरीत येते, आणि उंच उडी किंवा पोल व्हॉल्टमध्ये ती अगदी नेहमीची. तिघे दुसरे आले तर (८+६+५)÷३, म्हणजे १९÷३. प्रत्येकी ६.३३ साठवले की बेरीज १८.९९ होते, आणि प्रत्यक्षात बरोबरीत असलेले संघ एका शतांशाने वरखाली दिसतात. त्यामुळे प्रोग्रॅमच्या आतमध्ये सगळे गुण ८४०ने गुणून पूर्णांकात ठेवा (१ ते ८ या सगळ्यांनी ८४०ला निःशेष भाग जातो), ८४०ने भागाकार फक्त छापताना करा. शिवाय प्रत्येक स्पर्धाप्रकारानंतर एकूण वाटलेले गुण तपासा: आठही जागा भरल्या असतील तर ते ३९च हवेत. बेरीज ३९ येत नसेल तर निकाल जाहीर करूच नका.